आधी रेषा, मग हिशेब: ग्रेट बॅरियर रीफमधील मासेमारीबंदी आणि मच्छीमारांना मिळालेली सरकारी मदत

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर लांब पसरलेल्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानात १ जुलै २००४ रोजी नवी क्षेत्रविभागणी अमलात आली. त्या दिवसापर्यंत उद्यानाच्या अवघ्या साडेचार टक्के भागात मासे पकडण्यास पूर्ण मनाई होती. त्या दिवसापासून ही मनाई ३३.३ टक्के भागाला लागू झाली. उद्यानाचे क्षेत्रफळ ३,४४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्यापेक्षाही मोठे आहे. त्यामुळे एक तृतीयांश म्हणजे एक लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र व्यावसायिक मासेमारीसाठी बंद झाला, असा त्याचा अर्थ होता. प्रवाळांच्या रक्षणाचे उदाहरण म्हणून या निर्णयाची जगभर वाखाणणी झाली आणि ती योग्यच होती. परंतु त्याच निर्णयामुळे ज्यांची मासेमारीची जागा गेली, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने आखलेल्या मदतीची कहाणी वेगळी आहे. सुरुवातीला सुमारे १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील असा अंदाज होता आणि प्रत्यक्षात हा खर्च २० कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्या काळच्या विनिमय दराने ही रक्कम साडेसहाशे कोटी रुपयांहून अधिक होते. अंदाज वीस पटींनी चुकावा हे कसे घडले, आणि एवढा पैसा खर्च होऊनही अनेक मच्छीमारांच्या मनात अन्यायाची भावना का राहिली, हे या प्रकरणातून तपासायचे आहे.

विभागणी कशी ठरली

ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यान १९७५च्या केंद्रीय कायद्याने अस्तित्वात आले आणि त्याचा कारभार टाउन्सविल येथे मुख्यालय असलेल्या उद्यान प्राधिकरणाकडे सोपवण्यात आला. पहिल्या दोन दशकांत मासेमारीबंद क्षेत्रे प्रामुख्याने दूरच्या उत्तर भागात आणि प्रवाळ खडकांवरच राखली गेली होती. खडकांमधील वाळूचे आणि चिखलाचे तळ, समुद्री गवताची कुरणे, स्पंजांच्या बागा यांना फारसे संरक्षण नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्राधिकरणाने शास्त्रज्ञांच्या मदतीने संपूर्ण उद्यानाची ७० जैविक विभागांत मांडणी केली. त्यांपैकी ३० विभाग प्रवाळ खडकांचे आणि ४० खडकांबाहेरचे होते. प्रत्येक विभागाचा किमान २० टक्के भाग मासेमारीमुक्त असावा, हे सूत्र ठरले. वरवर पाहता हे सूत्र साधे आहे. परंतु कोळंबीची ट्रॉल जाळी नेमकी खडकांबाहेरच्या तळावर ओढली जातात, त्यामुळे या वेळी ट्रॉलरमालकांचीही जागा जाणार हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते.

लोकांचे म्हणणे ऐकण्याचे काम प्राधिकरणाने मनापासून केले, असे म्हणावे लागेल. २००२ मधील पहिल्या फेरीत १०,००० हून अधिक आणि २००३ मध्ये मसुदा नकाशे प्रसिद्ध झाल्यावरच्या दुसऱ्या फेरीत २१,००० हून अधिक लेखी निवेदने आली. या निवेदनांच्या आधारे अनेक ठिकाणी सीमा सरकवण्यात आल्या. मच्छीमारांपुढे मात्र एक खरा पेच होता. आपली चांगली मासेमारीची ठिकाणे नकाशावर दाखवली तर ती वाचतील, की नेमकी तीच बंद होतील? समुद्रातली जागा हे मच्छीमाराचे भांडवल असते आणि ते तो शेजारच्या नौकेलाही सहजासहजी सांगत नाही. सरकारी नकाशावर ते उघड करायला अनेक जण कचरले यात नवल नाही. त्यामुळे कोणाचे किती नुकसान होणार याचे चित्र, जेव्हा ते सर्वांत जास्त उपयोगी पडले असते, तेव्हाच धूसर राहिले.

अंतिम आराखडा डिसेंबर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेत मांडला गेला. त्या वेळी जॉन हॉवर्ड पंतप्रधान होते आणि डेव्हिड केम्प पर्यावरणमंत्री. आराखडा मांडला जात असताना मच्छीमारांना मदत मिळेल हे जाहीर झाले होते. ती कोणाला, किती आणि कशाच्या आधारे मिळेल, हे मात्र ठरायचे होते. पुढे जे काही बिघडले त्याचे मूळ याच क्रमात आहे, असे माझे मत आहे.

भरपाई नव्हे, समायोजन

या मदतीचे कायदेशीर स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावरच पुढचे सारे वाद उभे राहिले. व्यावसायिक मासेमारीचे परवाने क्वीन्सलँड राज्य सरकार देते, तर उद्यानातील बंदी केंद्र सरकारची होती. एकाने दिलेला परवाना दुसऱ्याच्या नियमामुळे काही अंशी निरुपयोगी झाला. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेनुसार केंद्राने एखाद्याची मालमत्ता संपादन केली तर न्याय्य मोबदला द्यावा लागतो. परंतु मासेमारीचा परवाना ही कायद्याने दिलेली, कायद्यानेच बदलता येणारी सवलत आहे आणि समुद्राचा एखादा भाग बंद केल्याने कोणाची मालमत्ता सरकारजमा होत नाही, अशी सरकारची भूमिका होती. म्हणून ‘भरपाई’ हा शब्द कटाक्षाने टाळून ‘संरचनात्मक समायोजन मदत’ ही संज्ञा वापरण्यात आली. जानेवारी २००४ मध्ये केंद्राने सागरी संरक्षित क्षेत्रे आणि विस्थापित मासेमारी या विषयावर एक धोरणनिवेदनही प्रसिद्ध केले.

भरपाई आणि समायोजन यांच्यातला फरक व्यवहारातही फार मोठा आहे. भरपाईत झालेले नुकसान मोजून तितकी रक्कम दिली जाते. समायोजनात, बदललेल्या परिस्थितीत व्यवसाय टिकावा, किंवा टिकत नसेल तर माणसाला सन्मानाने बाहेर पडता यावे, यासाठी हात दिला जातो. पहिल्यात मागे पाहायचे असते, दुसऱ्यात पुढे. सरकारने मदतीला समायोजन हे नाव दिले, पण अर्ज करणाऱ्याने ती भरपाई समजून मागितली आणि अर्जदारांचा रेटा वाढत गेला तसतशी देणाऱ्यांनीही ती भरपाईसारखीच वाटायला सुरुवात केली. ही सरमिसळ शेवटपर्यंत सुटली नाही.

मदतीची बांधणी

सुरुवातीच्या आखणीत मदतीचे काही भाग होते. व्यवसाय सोडू इच्छिणाऱ्यांचे परवाने सरकारने विकत घेणे, व्यावसायिक सल्ल्यासाठी पैसे देणे, टिकून राहू इच्छिणाऱ्यांना व्यवसायाची पुनर्रचना करण्यासाठी अनुदान देणे, काम गेलेल्या कामगारांना आधार देणे आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांसाठी सामाजिक साहाय्य, असे त्याचे स्वरूप होते. अर्जांची छाननी आणि वाटप क्वीन्सलँडच्या ग्रामीण समायोजन प्राधिकरणाकडे देण्यात आले. या संस्थेला शेतकऱ्यांना दुष्काळात आणि आपत्तीत मदत वाटण्याचा अनुभव होता.

परवाना खरेदी निविदा पद्धतीने झाली. परवानाधारकाने आपली किंमत सांगायची आणि सरकारने त्या किमतीत किती मासेमारी कमी होते ते पाहून निवड करायची. शंभराहून अधिक परवाने अशा रीतीने सरकारकडे आले. ही पद्धत तत्त्वतः चांगली आहे, कारण जो स्वतःहून बाहेर पडायला तयार आहे त्याच्यावर जबरदस्ती होत नाही, आणि जो उरतो त्याला बंद न झालेल्या समुद्रात थोडी मोकळीक मिळते. एक तृतीयांश क्षेत्र बंद करून नौकांची संख्या तेवढीच ठेवली तर साऱ्या नौका उरलेल्या दोन तृतीयांश क्षेत्रात गर्दी करतात आणि तिथल्या माशांवरचा ताण वाढतो. म्हणून परवाना खरेदी हा मच्छीमारांइतकाच समुद्राच्याही हिताचा भाग होता. त्यात एक अडचण नेहमीची असते. ज्या परवान्यावर वर्षानुवर्षे फारशी मासेमारी झालेली नाही, त्याचा मालक स्वस्तात विकायला सर्वांत आधी पुढे येतो, आणि असा परवाना विकत घेऊन समुद्रातली एकही खरी फेरी कमी होत नाही.

खर्चाचा मोठा भार मात्र परवाना खरेदीवर पडला नाही. सर्वांत मोठा वाटा व्यवसाय पुनर्रचनेच्या अनुदानाने खाल्ला. नौका बदलणे, नवी जाळी आणि साधने घेणे, दूरच्या क्षेत्रात जाण्यासाठी शीतसाठवण वाढवणे, कर्जाची फेरमांडणी करणे अशा अनेक गोष्टी त्यात बसत होत्या. एकूण खर्चाला वरची मर्यादा नव्हती. पुढील काळात पात्रतेच्या अटी सैल होत गेल्या, वैयक्तिक मदतीच्या मर्यादा उंचावत गेल्या आणि मासळीवर प्रक्रिया करणारे, नौका दुरुस्त करणारे, माल पुरवणारे असे किनाऱ्यावरचे व्यवसायही मोठ्या प्रमाणात अर्जदार झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात सार्वत्रिक निवडणूक होती आणि क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या मतदारसंघांत सत्ताधारी आघाडीचे खासदार होते, हेही विसरून चालणार नाही. नंतर या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या कायद्याच्या आणि धोरणाच्या अभ्यासकांनी राजकीय दबाव हे खर्चवाढीचे प्रमुख कारण मानले आहे.

मला हे कारण खरे वाटते, पण पुरेसे वाटत नाही. राजकीय दबाव सगळ्याच मदतयोजनांवर येतो. जिथे नुकसान मोजण्याची ठरलेली पद्धत असते, तिथे तो दबाव त्या पद्धतीवर आदळून थांबतो. इथे आदळायला काही नव्हते.

नुकसान मोजायचे कशाने

क्वीन्सलँडमध्ये १९८८ पासून व्यावसायिक मच्छीमारांना रोजच्या मासेमारीची नोंदवही भरणे सक्तीचे आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या साधनाने, कोणती मासळी, किती किलो, हे त्यात येते. पण जागेची नोंद बहुतांश वेळा अर्ध्या अंशाच्या चौकोनात केली जाई, म्हणजे सुमारे ३० सागरी मैल लांब आणि तितकाच रुंद पट्टा. एवढ्या चौकोनात अनेक खडक येतात. त्यांपैकी दोन बंद झाले आणि चार उघडे राहिले, तर मच्छीमाराची मासळी त्या दोनांवरून येत होती की चारांवरून, हे नोंदवही सांगू शकत नाही. ट्रॉलरवर मात्र २००१ च्या सुमारास उपग्रहाद्वारे स्थान कळवणारी यंत्रणा बसवली गेली होती, त्यामुळे ट्रॉलर कुठे फिरतो हे बऱ्यापैकी कळत होते. गळाने मासे पकडणाऱ्या आणि गिलनेट (पाण्यात उभे सोडलेले, माशांचे कल्ले अडकवणारे जाळे) लावणाऱ्या लहान नौकांच्या बाबतीत तशी सोय नव्हती. परिणामी सर्वांत लहान नौकांचे नुकसान सर्वांत अंधूक राहिले. सरकारी अंदाजाने ते सरासरीत विरघळवले आणि अर्जदाराला ते स्वतःच्या कागदपत्रांनी सिद्ध करावे लागले.

याच्या जोडीला आणखी एक गुंता होता. त्याच दिवशी, म्हणजे १ जुलै २००४ पासून, राज्य सरकारने प्रवाळ खडकांवरच्या माशांसाठी कोट्याची पद्धत लागू केली. कोरल ट्राउट हा आपल्याकडच्या हेकरूच्या कुळातला मासा तिथल्या गळाच्या मासेमारीचा कणा आहे. १९९० च्या दशकापासून तो जिवंत अवस्थेत हाँगकाँगला जातो आणि त्याला उत्तम भाव मिळतो. आता प्रत्येकाला त्याच्या जुन्या उत्पादनाच्या प्रमाणात ठराविक वजनाचाच कोटा मिळू लागला. एखाद्याची मासळी २००५ मध्ये घटली, तर ती केंद्राच्या बंदीमुळे की राज्याच्या कोट्यामुळे? ट्रॉलरमालकांच्या बाबतीत तिसरे कारणही होते. त्या वर्षांत डिझेल महागत होते आणि आशियातून येणाऱ्या शेततळ्यातल्या कोळंबीने भाव पाडले होते. अनेक ट्रॉलर बंदी नसती तरी अडचणीत आलेच असते. केंद्राच्या मदतीचा हेतू फक्त बंदीमुळे झालेल्या नुकसानीपुरता होता. परंतु तीन कारणांनी बुडणाऱ्या व्यवसायातून एकाच कारणाचा वाटा वेगळा काढणे हिशेबनिसाला शक्य नव्हते, आणि बुडणाऱ्याने तो वेगळा काढून दाखवावा ही अपेक्षा माणुसकीला धरून नव्हती. तेव्हा संशयाचा फायदा अर्जदाराला देण्याकडे कल झुकला. प्रत्येक अर्जापुरता तो कल समजण्यासारखा आहे. शेकडो अर्जांची बेरीज झाल्यावर त्याचे कोट्यवधी डॉलर झाले.

बंदीच्या आधी दोन वर्षे सर्व व्यावसायिक नौकांवर स्थाननोंदणी यंत्रे सरकारी खर्चाने बसवली असती, आणि या नोंदी सीमा आखण्यासाठी वापरल्या जाणार नाहीत, केवळ मदत ठरवण्यासाठी वापरल्या जातील असे कायद्याने बांधून दिले असते, तर झालेल्या खर्चाच्या तुलनेत तो खर्च नगण्य ठरला असता. वर सांगितलेला मच्छीमारांचा पेचही त्यातून बराचसा सुटला असता.

पैसा कोणाच्या हाती गेला

पुनर्रचनेचे अनुदान मिळवायचे तर व्यवसायाची योजना, मागील वर्षांचे हिशेब, करविवरणे आणि सल्लागाराचा अहवाल लागत असे. ज्यांचे हिशेब नीट होते, ज्यांच्याकडे सनदी लेखापाल होता, ज्यांचा व्यवसाय कंपनीच्या रूपात होता, त्यांना हे जमले. एका नौकेवर बायको-मुलांसह राबणाऱ्याला ते जड गेले. नौकेवरच्या खलाशांची स्थिती याहून वेगळी होती. तिथेही, आपल्या कोकणातल्याप्रमाणेच, खलाशाला पगारापेक्षा मासळीच्या उत्पन्नातला वाटा मिळण्याची रीत आहे. मासळी घटली की त्याचा वाटा आपोआप घटतो, पण त्याच्या नावावर परवाना नसतो आणि नुकसानीचा कागदही नसतो. कामगारांसाठीची मदत योजनेत होती. परंतु खर्चाचा कल पाहिला तर परवाना, नौका आणि व्यवसाय यांच्या मालकांकडे पैशाचा ओघ स्पष्ट दिसतो. एखाद्या धंद्याला हात द्यायचा ठरवले आणि धंदा म्हणजे त्याचा मालक असे गृहीत धरले, की हे घडतेच.

दुसरी गोष्ट भावनेची आहे आणि ती हलकी समजू नये. टाउन्सविलच्या जेम्स कुक विद्यापीठातील संशोधकांनी पुढील वर्षांत व्यावसायिक मच्छीमारांच्या मुलाखती घेतल्या. बरेच जण उघड्या क्षेत्रात मासेमारी करत टिकून होते. पण निर्णयप्रक्रियेबद्दल आणि मदतीच्या वाटपाबद्दल त्यांच्यात तीव्र असमाधान होते. शेजाऱ्याला किती मिळाले आणि का, याचे उत्तर कोणालाच देता येत नव्हते. नियम मध्येच बदलले, त्यामुळे आधी अर्ज करून कमी रक्कम घेणारा आणि नंतर अर्ज करून जास्त घेणारा एकाच बंदरात समोरासमोर येत. जिथे पद्धत दिसत नाही तिथे माणूस वशिला पाहतो, मग तो असो वा नसो. नोंदीच्या आधारावरची कमी रक्कमही लोकांनी स्वीकारली असती. वाटाघाटीतून मिळालेली मोठी रक्कम मात्र पुरेशी वाटली नाही.

माशांचे काय झाले

मदतीचे मोल ठरवताना ती कशासाठी दिली हे पाहावेच लागते. बंदीनंतर दोन वर्षांच्या आतच अनेक किनारी खडकांवर केलेल्या मोजणीत, बंद खडकांवरच्या कोरल ट्राउटची घनता ठळकपणे वाढल्याचे आढळले. काही ठिकाणी ही वाढ ६० टक्क्यांच्या वर होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले केपल बेटांजवळचे संशोधन त्याहून महत्त्वाचे ठरले. माशांच्या पिल्लांची जनुकीय ओळख पटवून त्यांचे आईबाप शोधण्यात आले. तिथे खडकांच्या क्षेत्रापैकी केवळ २८ टक्के भाग बंद होता, पण सुमारे ३० किलोमीटरच्या परिसरात नव्याने आलेल्या पिल्लांपैकी जवळजवळ निम्मी या बंद भागातल्या माशांची होती, आणि त्यांतली पुष्कळ उघड्या खडकांवर जाऊन वसली होती.

याउलट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, बंदीनंतर या क्षेत्रातले मासेमारीचे एकूण उत्पादन घटले आणि नंतरच्या वर्षांत ते भरून निघाले नाही, असे मांडले. त्यावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, की परवाने विकत घेतले गेले, कोटा लागू झाला, नौका कमी झाल्या, तेव्हा उत्पादन घटणारच. ती घट बंदीच्या अपयशाचा पुरावा ठरत नाही. या वादात मला शास्त्रज्ञांच्या दोन्ही गटांपेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. उघड्या खडकांवर येणाऱ्या पिल्लांचा लाभ सबंध किनाऱ्याला, पुढच्या दहा-वीस वर्षांत, थोडा थोडा मिळतो. तोटा मात्र ठराविक माणसांना, पहिल्याच हंगामात, एकदम सोसावा लागतो. सरकारी मदतीचे समर्थन याच अंतरात आहे. रीफवरचे पर्यटन मासेमारीच्या कित्येक पट उत्पन्न देते आणि बंदीचा मोठा फायदा त्याला मिळाला. ज्याच्या जागेवर हा फायदा उभा राहिला त्याचा भार करदात्यांनी उचलणे न्याय्यच होते. मदत दिली ही चूक नव्हती. आधी रेषा ओढली आणि हिशेबाला नंतर बसले, यात चूक झाली.

त्यानंतरच्या काळात

२००६ मध्ये केंद्राने उद्यानाच्या कायद्याचा व्यापक आढावा घेतला आणि पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून विभागणी किमान सात वर्षे बदलता येणार नाही अशी तरतूद केली. मच्छीमाराच्या दृष्टीने ही मदतीइतकीच मोलाची गोष्ट आहे. कर्ज काढून नौका घेणाऱ्याला पुढची सात वर्षे समुद्राचा नकाशा तोच राहील एवढी खात्री मिळाली. हे स्थैर्य अनुदानाच्या जोडीने पहिल्याच दिवशी दिले असते तर अनेकांनी परवाना विकण्याऐवजी टिकून राहणे पसंत केले असते.

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या सर्व किनाऱ्यांभोवतीच्या केंद्रीय जलक्षेत्रात सागरी राखीव क्षेत्रांचे मोठे जाळे जाहीर केले, तेव्हा रीफचा अनुभव सरकारच्या डोळ्यांसमोर होता. या वेळी मच्छीमारांच्या समायोजनाचे धोरण २०११ मध्येच, म्हणजे राखीव क्षेत्रांच्या घोषणेच्या आधी, प्रसिद्ध झाले होते आणि मदतीचा आकडा सुमारे १० कोटी डॉलर असा आधीच सांगितला गेला. क्रम सुधारला होता. परंतु २०१३ मध्ये सरकार बदलले, व्यवस्थापन आराखडे स्थगित झाले, नव्याने आढावा घेण्यात आला आणि सुधारित आराखडे १ जुलै २०१८ पासून लागू झाले. मधल्या पाच वर्षांत मच्छीमार बंदीच्या सावटाखाली होता, पण बंदी लागू नसल्यामुळे मदतीला पात्र नव्हता. या अवस्थेत बँक कर्ज देत नाही आणि परवान्याला गिऱ्हाईक मिळत नाही. असे नुकसान कोणत्याही समायोजन योजनेत बसत नाही.

रीफवर पुन्हा मोठी मदत जाहीर झाली ती जून २०२३ मध्ये. डुगाँग (समुद्री गाय), कासवे आणि डॉल्फिन जाळ्यात अडकून मरत असल्याने रीफमधली गिलनेट २०२७ च्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायची, असे केंद्र आणि क्वीन्सलँड सरकारांनी मिळून ठरवले, आणि त्यासाठी १६ कोटी डॉलरहून अधिक रकमेची योजना जाहीर केली. ही जाळी बॅरामंडी, म्हणजे रायगडकरांचा जिताडा, आणि रावसाच्या कुळातले मासे यांच्यासाठी लावली जातात. या वेळी तीन गोष्टी निराळ्या होत्या. बंदी घालणारे आणि परवाने देणारे अशी दोन्ही सरकारे एकाच मेजावर बसली, एकूण रक्कम आरंभीच सांगितली गेली, आणि मदत कशी द्यावी यावर सल्ला देण्यासाठी कृतिगट नेमला गेला. तरीही घोषणा झाली तेव्हा परवानाधारकांना त्यांच्या वाट्याला काय येणार हे कळले नव्हते आणि जाळी विणणारे, मासळी घेणारे, लहान गावांतले विक्रेते यांचा प्रश्न पुन्हा तसाच पुढे आला. एकूण रक्कम ठरवणे आणि नुकसान मोजण्याची पद्धत ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी झाली असे होत नाही.

मालवणच्या संदर्भात

महाराष्ट्रात या प्रकरणाचा थेट संबंध येतो तो मालवणशी. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये अधिसूचित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आणि गाभ्याचे सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या तुलनेत ते अगदीच लहान आहे. तरीही मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून कायम आहे आणि त्याचे कारण समजून घेणे अवघड नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातच, सागरी क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितसंबंधांचे रक्षण करण्यासाठी पुरेसे उपाय योजावेत, असे म्हटले आहे. कायद्यातले हे वाक्य ऑस्ट्रेलियाच्या १९७५ च्या कायद्यापेक्षा मच्छीमाराच्या बाजूने अधिक उभे राहते. पण ‘पुरेसे उपाय’ कोणते, ते कोणी ठरवायचे आणि नुकसान कशाने मोजायचे, हे त्यात सांगितलेले नाही.

इथले प्रश्न रीफपेक्षा कठीण आहेत. रापणीचे जाळे किनाऱ्यावरून ओढले जाते. ते ओढणाऱ्या अनेक माणसांचे वाटे असतात आणि त्यांपैकी बहुतेकांच्या नावावर नौका नसते. परवाना हाच पात्रतेचा आधार धरला तर मालवणमध्ये मदतीची यादी यांत्रिक नौकांच्या मालकांपासून सुरू होईल आणि रापणकरांपर्यंत पोहोचण्याआधी संपेल. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायका तर कुठल्याच यादीत येणार नाहीत. दुसऱ्या बाजूने, आपल्याकडे एक सोय आहे जी क्वीन्सलँडमध्ये नव्हती. मच्छीमार सहकारी संस्थांचे जाळे गावोगाव आहे, डिझेलवरच्या कराचा परतावा त्यांच्यामार्फत मिळतो, आणि कोण समुद्रावर जातो, कोण कोणाच्या नौकेवर खलाशी आहे, हे संस्थेच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ठाऊक असते. ही माहिती आज वह्यांत आणि डोक्यांत आहे. मालवणच्या संस्थांनी, मत्स्य व्यवसाय विभागाच्या मदतीने, रापणीच्या प्रत्येक वाटेकऱ्याचे नाव, हंगामातले दिवस आणि उतरलेल्या मासळीचे वजन यांची नोंद दोन-तीन हंगाम सलग ठेवली, तर अभयारण्याच्या सीमांची फेरचर्चा जेव्हा केव्हा होईल तेव्हा मच्छीमारांच्या हातात स्वतःचा हिशेब असेल. ही नोंदवही संस्थेच्या ताब्यात राहावी आणि सीमा आखणाऱ्या खात्याला ती मदत ठरवण्यापुरतीच पाहता यावी, ही अट पहिल्याच पानावर लिहून घ्यावी लागेल.